योसेमिटीतला हिवाळा: मर्सेड नदीत उतरलेले डोंगर कसे टिपाल

कॅलिफोर्नियात, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनमध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा एक तरी फोटो असतोच. बहुतेक वेळा तो मे-जूनमधला असतो: धबधबे दणदणाट करतायत, आकाश निळंशार, समोर घरची मंडळी. त्या दिवसांत तिथल्या दरीतून वाहणारी मर्सेड नदी फुगलेली असते, त्यामुळे तिच्यात प्रतिबिंब शोधायला गेलात तर पांढऱ्या फेसाखेरीज फारसं काही हाती लागत नाही. प्रतिबिंबाचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. वरच्या डोंगरांवर पडणारं पाणी तेव्हा बर्फ होऊन जागीच थांबतं, नदीचा प्रवाह ओसरतो आणि दरीच्या सपाट तळावर ती जवळजवळ डोहासारखी पसरते.

हा तळ इतका सपाट कसा, तर हिमनदी मागे सरकल्यावर इथे गाळ साचत गेला. दरीच्या पश्चिमेकडे एल कॅपिटन या उंच कड्याजवळ हिमनदीने सोडलेला दगडगोट्यांचा बांध होता. वरची कुरणं दलदलीची होतात म्हणून १८७९ मध्ये तो सुरुंग लावून काही फूट खाली आणला. तरीही पुलांच्या वरच्या अंगाला आणि वळणांच्या आतल्या बाजूला नदी आजही रेंगाळते. आपल्याला हव्या असलेल्या जागा त्याच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. इथे आलेला प्रत्येकजण आधी कड्याकडे बघतो, तिवई (ट्रायपॉड) उभी करतो आणि मग पाण्यात काय दिसतंय ते पाहतो. क्रम उलटा करा. कडा कुठे जात नाही, पाणी मात्र पावलागणिक बदलतं.

निघायचा दिवस ठरवणं

सर्वांत चांगला दिवस म्हणजे हिमवादळ ओसरण्याचा. आकाश पूर्ण निरभ्र झाल्यावर पोहोचलात तर उशीर झाला समजा. ढग दरीतून उठत असतात, कडे मधूनच उघडतात, पाइन आणि सीडरच्या फांद्यांवर ताजा बर्फ टिकून असतो. ऊन लागलं की दोन-तीन तासांत फांद्या झाडून मोकळ्या होतात आणि मग ती हिरवी-काळी झाडं चित्रात फार जड वाटतात.

त्यासाठी तीन गोष्टींवर नजर ठेवायची. पहिली, राष्ट्रीय हवामान सेवेच्या हॅनफर्ड कार्यालयाचा अंदाज. त्यात हिमरेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, किती फुटांवर आहे हे बघा. दरीचा तळ सुमारे ४,००० फुटांवर, म्हणजे १,२०० मीटरवर आहे. हिमरेषा ५,००० फुटांवर असेल तर वर बर्फ आणि तळाशी चिखल-पाऊस, आणि तो दिवस आपल्या कामाचा नाही. दुसरी गोष्ट, दरीतले वेबकॅम. रात्री झोपण्यापूर्वी ते पाहिले की झाडांवर बर्फ आहे का ते कळतं. तिसरी गोष्ट फारसं कोणी बघत नाही: पोहोनो ब्रिजजवळचं नदीचं प्रवाहमापन केंद्र. त्याचा आलेख इंटरनेटवर कुणालाही बघता येतो. रेघ सपाट आणि खाली असेल तर खुशाल निघा, चढत असेल तर थांबा. उबदार वादळात बर्फावर पाऊस पडला की नदी बघता बघता गढूळ होऊन वर येते. जानेवारी १९९७ मध्ये अशाच पावसाने इतका पूर आला की दरी दोन महिन्यांहून जास्त काळ बंद ठेवावी लागली.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हॉर्सटेल फॉल या धबधब्यावर मावळतीचं ऊन पडून तो पेटल्यासारखा दिसतो, त्यासाठी तोबा गर्दी होते आणि वाहतुकीवर निर्बंध येतात. ते दृश्य बघायचं असेल तर जरूर बघा, पण त्या संध्याकाळी नदीकाठी निवांत काम होईल ही आशा सोडा.

रस्ता

टायोगा रोड हिवाळ्यात बंद असतो. उरलेल्या रस्त्यांपैकी मारिपोसा आणि एल पोर्टलवरून येणारा १४० नंबरचा रस्ता सर्वांत कमी उंचीवरून येतो, म्हणून बर्फाच्या दिवसात तोच बरा. ४१ नंबरचा रस्ता टनेल व्ह्यूपाशी दरीत उतरतो. तिथून दिसणारं दृश्य जगप्रसिद्ध आहे, पण तिथे नदी दिसत नाही.

फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी गाडीत स्नो चेन (चाकांना लावायच्या साखळ्या) ठेवाव्याच लागतात, मग चढवायची वेळ येवो वा न येवो. घराच्या पार्किंगमध्ये, कोरड्या जमिनीवर, एकदा त्या चढवून बघा. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी, मागे गाड्यांची रांग असताना सूचनापत्रक वाचायची वेळ फार वाईट.

दरीतले मुख्य रस्ते बहुतांशी एकेरी आहेत. दक्षिण काठाचा रस्ता आत नेतो, उत्तर काठाचा बाहेर. त्यामुळे ‘व्हॅली व्ह्यू’ ही प्रतिबिंबाची सर्वांत गाजलेली जागा बाहेर पडताना लागते, आणि चुकली की पुन्हा फेरा. शिवाय तिथे मोजक्याच गाड्या मावतात.

कुठे, कोणत्या वेळी

दरी साधारण पूर्व-पश्चिम आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो. म्हणून दक्षिणेकडच्या कड्यांच्या सावलीत तळाचा मोठा भाग दिवसभर गारठलेला राहतो आणि उत्तरेकडचे कडे उन्हात न्हाऊन निघतात. प्रतिबिंबासाठी याहून चांगली सोय नाही: पाणी सावलीत, डोंगर उन्हात. पाण्यावर थेट ऊन पडलं की तळातले गोटे दिसू लागतात आणि डोंगर फिका पडतो.

पहाटेनंतर एल कॅपिटनसमोरची नदी गाठा. कड्याच्या पूर्वेकडच्या अंगाला सकाळचं पहिलं ऊन लागतं. कॅथीड्रल बीचच्या आसपास काठाने चालत राहिलं की एल कॅपिटन आणि थ्री ब्रदर्स, दोन्हींची प्रतिबिंबं वेगवेगळ्या वळणांवर सापडतात. तिथला आतला रस्ता बर्फात बंद असू शकतो. अशा वेळी गाडी अधिकृत जागीच लावा आणि चाला. त्यानंतर स्विंगिंग ब्रिजकडे जा. ७३९ मीटर उंचीच्या योसेमिटी फॉल्सचा वरचा टप्पा तिथून पाण्यात दिसतो आणि सकाळच्या उन्हात तो उजळलेला असतो. कडाक्याच्या थंडीत त्याच्या पायथ्याशी तुषार गोठून बर्फाचा शंकू तयार होतो. लांब लेन्स असेल तर तोही टिपून घ्या.

दुपार जेवणासाठी.

दुपार कलली की दोन पर्याय आहेत आणि एका दिवशी दोन्ही साधत नाहीत. सेंटिनेल ब्रिजवरून हाफ डोम या घुमटासारख्या डोंगरावर पडणारं शेवटचं ऊन दिसतं. त्याच वेळी व्हॅली व्ह्यूला डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे कॅथीड्रल रॉक्स आणि ब्राइडलव्हेल फॉल, मधोमध नदी. ढग असतील तर मी व्हॅली व्ह्यू निवडेन, आकाश कोरं असेल तर सेंटिनेल ब्रिज. कोऱ्या आकाशात व्हॅली व्ह्यूचा फोटो पोस्टकार्डासारखा येतो, आणि तशी पोस्टकार्डं आधीच ढिगाने आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पाचच्या आधीच मावळतो. म्हणजे साडेतीनला जागेवर असायला हवं.

पाणी वाचणं, हेच खरं काम

काठावर पोहोचलात की कॅमेरा बॅगेतच राहू द्या. आधी काठाने दोन्हीकडे थोडं चाला. पाण्यावर तीन प्रकारचे पट्टे दिसतील: जिथे तळ उथळ आहे तिथे सुरकुत्या, जिथे प्रवाहाचा दोर आहे तिथे लांब सरकणाऱ्या रेघा, आणि काठाच्या खोबणीत किंवा पडलेल्या ओंडक्यामागे काळंभोर, स्थिर पाणी. आपल्याला तिसरं हवं. ते दोन-तीन मीटर रुंद असलं तरी पुरतं, कारण पाण्याजवळ बसलेल्या कॅमेऱ्यासाठी तेवढ्यात अख्खा कडा मावतो.

किती पाणी लागेल याचा हिशेब मुठीने करता येतो. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंश व्यापते. समोरच्या काठापासून शिखरापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा. शिखर दोन मुठी, म्हणजे वीस अंश वर असेल, तर त्याच्या टोकाचं प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या उंचीच्या सुमारे पावणेतीनपट अंतरावर पडेल. कॅमेरा पाण्यापासून एक मीटर वर असेल तर पावणेतीन मीटरवर, दीड मीटर वर असेल तर चार मीटरवर. शिखर एकच मूठ वर असेल तर हे अंतर उंचीच्या साडेपाचपटीहून थोडं जास्त, तीन मुठी असेल तर पावणेदोनपट. बरोबर त्या अंतरावर स्थिर पाणी आहे की दगड, बर्फाची साय, तरंग, हे बघा. शिखराच्या जागी खडक येत असेल तर तिवई खाली-वर करून ते अंतर हलवता येतं. पुढे-मागे सरकण्यापेक्षा हे सोपं, आणि निसरड्या काठावर सुरक्षितही.

उंचीचा दुसराही परिणाम आहे. पाण्यातलं चित्र हे वरच्या चित्राची हुबेहूब उलटी नक्कल नसतं. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखाली बसलेल्या माणसाला जे दिसेल ते प्रतिबिंबात दिसतं. त्यामुळे समोरच्या काठावरची झाडं पाण्यात अधिक उंच भासतात आणि डोंगराचा पायथा झाकतात. कॅमेरा जितका खाली आणाल तितकं प्रतिबिंब मूळ दृश्याच्या जवळ जातं. पुलावरून काढलेल्या फोटोंमध्ये डोंगर खुजा वाटतो तो यामुळे.

वाऱ्याचं म्हणाल, तर कड्यांना ऊन लागेपर्यंत सकाळी हवा बहुतेक स्थिर असते. ऊन चढलं की झुळका सुरू होतात. झुळूक आली म्हणून लगेच सामान आवरू नका, ती पाण्यावरून सरकताना दिसते, आणि दोन झुळकांमध्ये पाणी पुन्हा सपाट होतं. बोट शटरवर ठेवून त्या उसंतीची वाट बघायची.

कॅमेऱ्याची मांडणी

लेन्स: वीस अंश वर आणि तितकंच खाली धरलं तर चाळीस अंश होतात, शिवाय कडेला थोडी मोकळी जागा हवी. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर आडव्या चौकटीत २४ मिलिमीटर किंवा उभ्या चौकटीत ३५ मिलिमीटर पुरतं. १४-१६ मिलिमीटर लावलं की कडे मागे पळतात आणि ९०० मीटरचा एल कॅपिटन टेकाड वाटू लागतो. कॅमेरा अगदी समतल ठेवा, वर कलला की झाडं आत झुकतात, खाली कलला की बाहेर. काठाची रेघ बरोबर मध्ये येते म्हणून बिचकू नका. विषय चौकटीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायचा तो तृतीयांशाचा नियम इथे बाजूला ठेवलेला चालतो.

लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. एफ/१६ च्या पुढे गेलात की प्रकाशाच्या विवर्तनामुळे कड्यावरचे बारीक तपशील मऊ पडतात.

फोकस पाण्यावर करू नका. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं, त्याचा फोकस खऱ्या डोंगराइतक्याच अंतरावर लागतो. म्हणून फोकस डोंगरावर. पुढ्यात बर्फाची टोपी घातलेला गोटा घेतलात तर तो आणि डोंगर यांचे दोन वेगळे फोकस घेऊन नंतर जोडणं उत्तम.

शटरचा वेग ही चवीची बाब आहे. पाणी खरंच स्थिर असेल तर १/१५ ते १/६० सेकंद ठेवा, कड्यावरच्या भेगासुद्धा पाण्यात दिसतात. तरंग थांबतच नसतील तर एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच) लावून दहा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. मग तपशील जातात, रंगांचे पट्टे उरतात. अर्ध्या-एक सेकंदाचा मधला मार्ग मात्र टाळा, त्यात पाणी ना आरसा ना धुकं, नुसतं हललेलं दिसतं. दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि तिवईचे पाय बर्फातून खाली दाबून घट्ट जमिनीला टेकले आहेत याची खात्री करा. भुसभुशीत बर्फावर उभी केलेली तिवई हळूहळू खचत राहते.

बर्फाचं एक्स्पोजर

कॅमेऱ्याचं मीटर जे दिसेल त्याला मध्यम करडं समजतं, म्हणून बर्फ मळकट येतो. याच दरीत आयुष्यभर काम केलेल्या अॅन्सल अॅडम्सने फ्रेड आर्चरबरोबर १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टीम’, म्हणजे दृश्यातल्या उजेडाच्या पायऱ्या पाडून एक्स्पोजर ठरवण्याची पद्धत, मांडली, तिचा वापर आजही करता येतो. स्पॉट मीटरने (दृश्याच्या छोट्या भागाचाच प्रकाश मोजणाऱ्या) उन्हातल्या, पोत दिसणाऱ्या बर्फावर मोजणी करा आणि तिथून दोन स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). बर्फ पांढरा येतो, कणही दिसतात. पूर्ण दृश्याची मोजणी वापरत असाल तर एक स्टॉप वाढवून सुरुवात करा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटत नाही ना ते बघा. दृश्यात काळे कडे आणि झाडं जास्त असतील तर एवढीही वाढ लागत नाही, ठोकळ नियमावर विसंबू नका.

आता पाण्याचा हिशेब. तिरक्या कोनात पाणी जास्त प्रकाश परतवतं, उभ्या कोनात कमी. दहा अंशांवरच्या कड्याचा सुमारे ३५ टक्के प्रकाश परत येतो, वीस अंशांवरच्याचा जेमतेम १३ टक्के. म्हणजे कड्याच्या मधल्या भागाचं प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा दीड स्टॉपने आणि शिखराचं जवळजवळ तीन स्टॉपने काळसर. उन्हातला कडा आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही एका फोटोत मावले नाहीत तर प्रत्येकी दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घ्या. तिवई तीच, फोकस तोच.

पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिरता फिल्टर, हा इथला सर्वांत घातक मित्र. उन्हाळ्यातल्या सवयीने तो फिरवून आकाश गडद केलंत की पाण्यातलं शिखर पुसलं जातं. शिखर आधी जातं, कारण त्याचा कोन या फिल्टरच्या प्रभावी कोनाच्या जास्त जवळ असतो. उलट नव्वद अंश फिरवलात तर तेच प्रतिबिंब आणखी उठून येतं. फिल्टर डोळ्याला लावून, पाण्याकडे बघत, सावकाश फिरवा, मग त्याच स्थितीत लेन्सवर चढवा.

फोनवाल्यांसाठी: फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येऊन पाण्याच्या जवळ जाते. कड्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग प्रकाशाची पट्टी किंचित खाली ओढा. अल्ट्रावाइड टाळा. मनगटात दोरी असू द्या, मर्सेडचं पाणी या दिवसांत गोठणबिंदूच्या जरासंच वर असतं आणि पडलेला फोन काढायला कोणी हात घालत नाही.

थंडी, काठ आणि नियम

काठावरचा बर्फ फसवा असतो. तो पाण्यावर छज्ज्यासारखा पुढे आलेला असतो आणि त्याखाली जमीन नसते. तिवईचा पाय आधी टोचून बघा, मगच पाऊल टाका. बुटांना मायक्रोस्पाइक (बर्फावर न घसरण्यासाठीचे काटे) लावा. बरोबर भारतातून आलेले आईबाबा असतील तर त्यांना पुलावरची जागा द्या. सेंटिनेल ब्रिजवरून तेही बघतील आणि तुमचा जीवही टांगणीला लागणार नाही.

बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. जास्तीच्या दोन बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. ‘संपलेली’ बॅटरी खिशात गरम झाली की बऱ्याचदा आणखी काही फोटो देते. गाडीच्या उबेत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून बंद करा, नाहीतर लेन्सवर आणि कधी आतही दव धरतं. पिशवी तासभर उघडायची नाही, कार्ड आधीच काढून घ्या.

ड्रोन नेऊ नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत त्यांना २०१४ पासून बंदी आहे.

भारतातून जाणाऱ्यांना किंवा नवा कॅमेरा घेतलेल्यांना सराव हवा असेल तर जानेवारीतली पवना किंवा भंडारदऱ्याची पहाट पुरेशी आहे. बर्फ सोडला तर मुठीचा हिशेब, कॅमेऱ्याची उंची, झुळकांमधली उसंत, सगळं तेच.

घरी आल्यावर

सावलीतला बर्फ निळा दिसतो, कारण त्याच्यावर फक्त आकाशाचा प्रकाश पडलेला असतो. व्हाइट बॅलन्स ५,५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि निळाई थोडी कमी करा, पूर्ण काढू नका. उन्हातला सोनेरी कडा उठून दिसतो तो त्याच निळाईमुळे.

प्रतिबिंब उजळताना हात आखडता घ्या. वर सांगितलेला फरक तीन स्टॉपचा असेल तर तो एकावर आणा, शून्यावर नाही. पाणी डोंगराहून उजळ झालं की फोटो कुणीतरी उलटा चिकटवल्यासारखा दिसतो आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही. संपादनात धुक्यावर ‘डीहेझ’ (धुकं काढणारी सोय) फिरवू नका, त्याचसाठी तर वादळाच्या मागे एवढ्या लांब गेलो होतो. क्लॅरिटी (तपशिलांचा उठाव) वाढवायचीच असेल तर फक्त वरचा कडा निवडून (मास्क करून) वाढवा, पाणी मऊच राहू द्या.

छापून घेणार असाल तर आधी छोटी चाचणी प्रत काढा. कागदावर पाणी पडद्यापेक्षा हमखास काळं येतं, विशेषतः मॅट कागदावर. खालच्या अर्ध्या भागाला तिसरा हिस्सा ते अर्धा स्टॉप वाढवून दुसरी प्रत काढा, आणि दोन्ही प्रती दिवसाच्या उजेडात, खिडकीशी धरून ताडून बघा.